सातव्या बांधावरचं ‘हाय’

मी एक जुना माईक आहे. मित्रांनो, सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करतो. तुम्ही सगळे मला तोंड समजता. मी तोंड नाही, कान आहे. बोलतो तो कर्णा, ओरडतो तो कर्णा, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या शिव्या खातो तोही कर्णाच. मी नुसता ऐकतो आणि ऐकलं ते पुढे पाठवतो, पदरचं काही घालत नाही. इतकं सरळ काम करूनही मला जन्मभर टिचक्या आणि फुंकराच जास्त मिळाल्या. ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’ म्हणत जो येतो तो आधी माझ्यावर फुंकतो. तुमच्या कानात कोणी अशी फुंकर मारली तर तुम्ही त्याला काय म्हणाल? तेव्हा माझं बोलणं थोडं कडू लागलं तर चालवून घ्या.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यातला. केसाहून बारीक तांब्याची तार, एक लोहचुंबक, त्यावर पातळ पडदा आणि सगळ्यांवर लोखंडी जाळी, एवढाच माझा देह. तिथून मी मुंबईच्या बाजारात आलो आणि कशेळीच्या केसरीनाथांनी मला विकत घेतलं. कशेळी म्हणजे भिवंडीतून ठाण्याला निघालात की खाडीच्या पुलाअलीकडे लागते ती. केसरीनाथांच्या वडिलांची तिथे खाऱ्या पाण्यालगत भातशेती होती. आता त्या जमिनीवर गोदामं उभी आहेत आणि दिवसरात्र कंटेनर ये-जा करतात. त्यातलं एक गोदाम केसरीनाथांनी भाड्याने न देता स्वतःकडे ठेवलं आणि मांडव-डेकोरेशनचा धंदा टाकला. बांबू, पडदे, गाद्या, झालरी, खुर्च्या आणि मी.

केसरीनाथांची थोरली बहीण राहीबाई. ही धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले गाऊन लग्न लावणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजी येतो, जातो, घड्याळ बघतो. धवलारीण मात्र मांडवात बसली की तिच्या शब्दाशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नाही. राहीबाईला कागद लागत नसे, चष्मा लागत नसे. मी तिच्या हातात पहिल्यांदा गेलो तेव्हा तिने मला फुंकर मारली नाही, टिचकी मारली नाही. पदराने जाळी पुसली आणि गायला लागली. मध्येच खोकला आला तर मला बाजूला धरून खोकायची. मित्रांनो, माझ्या आयुष्यात कितीतरी पुढारी, सूत्रसंचालक, नवऱ्याचे मित्र येऊन गेले. खोकताना माईक बाजूला धरणारी ही एकच.

कोनपासून अंबाडीपर्यंत कोणाकडे हळद असली की लोक केसरीनाथांना दोनच गोष्टी विचारत, मांडव मोकळा आहे का आणि बहीण मोकळी आहे का. तेव्हा माझाही रुबाब होता. मला मखमली पिशवी होती, हे तुम्हाला खोटं वाटेल, पण होती.

मग केसरीनाथांचा मुलगा भावेश धंद्यात आला. मुलगा कामसू. त्याने मोठे स्पीकर आणले, दिवे आणले आणि बिनवायरचे माईक आणले. त्या माईकांना सारखं चार्ज करावं लागतं, तरी त्यांचाच थाट. मी उडालेल्या बल्बांच्या पत्र्याच्या पेटीत गेलो. पिशवीत भावेशने स्क्रू भरले. राहीबाईलाही हळूहळू बोलावणी कमी झाली. हळदीला आता गाणी वाजतात, गायली जात नाहीत. ती गोदामात येऊन झालरींना टाके घालत बसे आणि मी पेटीतून तिचं गुणगुणणं ऐकत असे. आम्ही दोघं एकाच वेळी जुने झालो, असं म्हणायला हरकत नाही.

आमचे दिवस पालटले ते केसरीनाथांच्या मुलीमुळे. मृणाली ठाण्याला व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत आवाजांचं काम बघते. कोणत्या पात्राला कोणाचा आवाज द्यायचा, वारा कसा वाजवायचा, पाणी कसं वाजवायचं, असलं ते काम. कंपनीला एका अद्भुत कादंबरीवरून गेम करायचा होता. मृणालीने त्यांच्यापुढे कोनच्या राघो मास्तरांचं जुनं पुस्तक ठेवलं. नाव ‘सातवा बांध’. मास्तर आता हयात नाहीत, पण आमच्या भागात ज्याने म्हणून ते वाचलं, त्याला शेवट विचारा, आवाज घोगरा होतो.

गोष्ट अशी. खाडीच्या तळाशी एक राज्य आहे. तिथला राजा भरतीच्या पाण्याबरोबर माणसं ओढून नेतो. मीठ वेचणाऱ्या एका मुलीचा भाऊ असाच जातो. ती त्याला शोधायला निघते आणि सात बांध ओलांडते. एकावर खेकड्यांची फौज, एकावर झोप आणणारं धुकं, एकावर तिच्याच आवाजात हाका मारणारं पाणी. सातव्या बांधावर एक म्हातारी बसलेली असते. बुडालेलं कोण जिवंत आहे आणि कोण नाही, हे त्या राज्यात फक्त तिला ठाऊक. मुलगी विचारते, माझा भाऊ आहे का? म्हातारी मान वर करते आणि एकच शब्द बोलते, ‘हाय.’ तिथे पुस्तक संपतं. मास्तरांनी सगळं पुस्तक छापील मराठीत लिहिलं होतं, हा एकच शब्द तेवढा आमच्या बोलीत ठेवला होता. आता तुम्हाला वेगळं सांगायला नको, आमच्याकडे ‘आहे’ला ‘हाय’ म्हणतात आणि ‘नाही’ला ‘न्हाय’.

म्हातारीचा आवाज आत्याचाच, हे मृणालीने आधीच ठरवलं होतं. प्रत्येक बांधावर लांबून तिचं गाणं ऐकू यायचं आणि शेवटी तो शब्द. तिने राहीबाईला ठाण्याच्या स्टुडिओत नेलं. काचेची खोली, डोक्यावर हेडफोन, समोर चकचकीत माईक. राहीबाईचा गळा बसला. परत आल्यावर ती म्हणाली की तिथे बोललेलं कुठे जातं ते दिसत नाही, माझ्याच्याने होणार नाही. मृणालीने मग पत्र्याची पेटी उघडली, बल्ब बाजूला सारले आणि मला बाहेर काढलं.

एका दुपारी गोदामातच रेकॉर्डिंग झालं. मृणालीने तिन्ही बाजूंनी गाद्या रचल्या, वर गालिचा टाकला, आत राहीबाई आणि मी. बाहेर केसरीनाथ लाल झालर हातात धरून रस्त्यात उभे, येणारा प्रत्येक कंटेनर थांबवायला. ड्रायव्हर लोक हिंदीत काय काय बोलले ते मी इथे सांगत नाही. गाणी सुरळीत झाली. शेवटच्या शब्दाच्या वेळी राहीबाई थांबली.

“मृणाली, त्यो भाव जिता हाय का खरंच?” तिने विचारलं.

“हाय गो आत्या,” मृणाली म्हणाली.

राहीबाईने गाद्यांच्या फटीतून बाहेर बघितलं. केसरीनाथ भर उन्हात झालर हलवत उभे होते, घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांच्याकडे बघतच ती ‘हाय’ म्हणाली. हलक्या आवाजात, दमलेल्या पोराला सांगावं तसं. दुसऱ्यांदा घ्यावं लागलं नाही. मित्रांनो, मी हजारो मंगलाष्टकं आणि भाषणं ऐकली आहेत, पण एवढ्या लहान शब्दात एवढं काही मावलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. ठाण्याच्या आवाजवाल्यांनी मृणालीला विचारलं म्हणे, हे कोणत्या माईकवर घेतलं? मला त्या दिवसापासून पेटीतून काढून टेबलाजवळच्या भिंतीतल्या खिळ्याला मानाने टांगण्यात आलं. राहीबाईचं नाव गेमच्या नामावळीत आलं. मृणालीने ते फोनवर दाखवलं तेव्हा तिने बोट लावून बघितलं, पुसलं जातं का ते.

गेम बाजारात आला आणि लोकांची मतं यायला लागली. गेम खेळलेला माणूस पाचपैकी तारे देतो आणि खाली आपलं मत लिहितो. मृणाली रविवारी दुपारी गोदामात येऊन ती मतं आत्याला वाचून दाखवायची. पहिल्या आठवड्यात मजा होती. कोणी लिहिलं, पाणी इतकं खरं आहे की पाय वर घेऊन बसलो. कोणी लिहिलं, मिठाचे ढीग चांदण्यात बघून गेम थांबवून नुसता बघत राहिलो. पुस्तक वाचलेल्यांची तक्रार वेगळीच. पुस्तकात होडी काळी होती, इथे निळी का? पुस्तकातलं कुत्रं कुठे गेलं? आणि चौथा बांध ज्यांना ओलांडता आला नाही, त्यांनी सरळ एक तारा देऊन लिहिलं, गेममध्येच गडबड आहे. नाचता येईना अंगण वाकडं. राहीबाई पोट धरून हसली.

हळूहळू शेवटपर्यंत पोचणारे वाढले आणि मतांचा सूर बदलला. ‘इतके दिवस घालवले, सात बांध ओलांडले आणि शेवटी म्हातारी म्हणते काय, तर हाय!’ ‘भावाचा पत्ता नाही, आजीबाई हाय-हॅलो करत बसल्यात.’ ‘सगळ्यात भिकार शेवट. कोडं सुटतच नाही, ती फक्त नमस्कार करते.’ कळलं का तुम्हाला? त्यांना ते इंग्रजीतलं ‘हाय’ वाटलं! वर भाषांतराचा घोळ. ज्याच्याकडे मराठी न येणाऱ्यांसाठी खालच्या ओळी लिहायचं काम होतं, त्याला कंपनीने संवादांची नुसती यादी दिली होती, गोष्ट नव्हे. त्याने त्या जागी हिंदीत ‘नमस्ते’ लिहून ठेवलं. भावासाठी पाताळात उतरलेली मुलगी रडत विचारते, माझा भाऊ आहे का, आणि खाली अक्षरं उमटतात, नमस्ते. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात ते एरवी बोलणाऱ्याबद्दल. इथे तर ऐकणाऱ्यांनीही तेच केलं.

लोक खेळतानाचे स्वतःचे व्हिडिओ टाकतात. कोणीतरी शेवटच्या प्रसंगावर हसून हसून खुर्चीवरून पडल्याचा व्हिडिओ टाकला आणि मग लोण पसरलं. जो तो म्हातारीला उलट ‘हॅलो आजी’ म्हणू लागला. पुस्तक वाचलेले थोडे लोक मधे पडले, त्यांनी लांबलचक समजावून लिहिलं. लांब मत कोण वाचतं? अंबाडीच्या एका खेळाडूने लिहिलं होतं, ‘आमच्या घरी असंच सांगतात. मी ऐकलं आणि रडलो.’ त्याच्या मताखाली लोकांनी ‘हाय, हाय, हाय’ अशी रांग लावली. दुसऱ्या दिवशी त्याचं मत तिथे नव्हतं. त्याने ते काढून टाकलं असणार.

मृणाली आता आत्याला निवडून मतं वाचायची. पाण्याचं कौतुक, मिठाचं कौतुक. कधी निवडण्यासारखं नसलं तर मनचंच वाचायची. मी खिळ्यावरून बघायचो, तिची नजर फोनवर नसायची. राहीबाई झालरीला टाके घालत विचारायची, “माजा कोन काय बोल्ला का गो?” मृणाली म्हणायची, सगल्यांना आवरला. आवरला म्हणजे आवडला. राहीबाईचा चेहरा उजळायचा. खोटं बोलणाऱ्याची दया यावी असा प्रसंग होता तो, पण मला मृणालीचा रागच आला. खरं सांगितलं असतं तर निदान राहीबाईला सावरायला वेळ मिळाला असता.

भावेशचं तर विचारूच नका. त्याने गोदामाच्या कोपऱ्यात मोठा पडदा आणि स्पीकर लावून घेतले होते. एके संध्याकाळी त्याचे मित्र आले, काही भिवंडीतले, काही कल्याणचे. सगळे मिळून शेवटच्या बांधावर पोचले. राहीबाई तेव्हा तिथे नव्हती, मी होतो. म्हातारीने मान वर केली आणि राहीबाईचा आवाज गोदामभर घुमला. “अरे भाई, बुढिया हाय बोल रही है,” एकाने म्हटलं आणि सगळे लोळले. मी भावेशकडे बघत होतो. ज्या बाईने याला अंगाखांद्यावर खेळवलं, याच्या कानात जिने पहिलं गाणं म्हटलं, तिचा हा आवाज. त्याने एवढंच म्हणायला हवं होतं की ही माझी आत्या आहे. तो घरी दिवसभर हाय-न्हायच बोलतो. पण त्या संध्याकाळी तो सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसला. मित्रांनो, माणसाचं खोटं हसणं माईकला लगेच ओळखू येतं. ते छातीतून येत नाही, दातांमागून येतं.

इकडे कंपनीत तारे घसरत चालले होते. मृणालीने साहेबांना समजावलं की खालचं ‘नमस्ते’ काढा आणि तिथे ‘है, वह जिंदा है’ असं लिहा, आवाजाला हात लावू नका. साहेबांनी अक्षरं बदलली. पण हसणारा अक्षरं वाचत नाही. शेवटी साहेबांचा निरोप आला की नवीन आवृत्तीत म्हातारीने ‘आहे’ म्हणावं. गाणी आहेत तशी राहू देत. एकच तर शब्द आहे.

मृणालीने आत्याला खरं कारण सांगितलं नाही. कंपनीला तो शब्द पुन्हा घ्यायचा आहे, जरा शुद्ध हवा आहे, एवढंच म्हणाली. पुन्हा गाद्या रचल्या गेल्या. राहीबाईने पदराने माझी जाळी पुसली आणि मला मांडीवर ठेवलं.

“आत्या, ‘आहे’ बोल ना गो,” मृणाली म्हणाली.

“कसा बोलू?” राहीबाई म्हणाली. “ती पोरी भाव जिता हाय का इचारतं. तिला ‘आहे’ कोन सांगंल? सायेब आहेत का, सायेब आहेत. ता हापिसातला बोलना हाय. जीव हाय का इचारला, त हायच सांगवा लागतं.”

मृणालीने विनवलं, लाडीगोडी लावली. केसरीनाथही झालर खांद्यावर टाकून आत आले आणि म्हणाले, तिला कशाला भरीला घालता, हसतील त्यांचे दात दिसतील. झालं. ते बोलून गेले आणि राहीबाईने चटकन मान वळवली. कोण हसतंय, असं तिने विचारलं. केसरीनाथ मुलीकडे बघू लागले, मुलगी जमिनीकडे. म्हणजे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त जिचा आवाज तिलाच नव्हतं.

सांगितलं ते भावेशने. तो स्पीकरची वायर गुंडाळत होता, ती त्याने खाली टाकली. कोणावर चिडला होता कोण जाणे, स्वतःवरच असावा.

“आत्या, सगली हासतान,” तो म्हणाला. “तुजा हाय आयकून सगला जग हासतंय. माजं मैतर हासलं. मी पन हासलो.”

बाहेर एक कंटेनर मागे घेताना पिंपिं करत होता, आज त्याला थांबवायला रस्त्यावर कोणी नव्हतं. राहीबाईने भावेशला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता एक ठेवून देणार. ती शांतपणे म्हणाली, “त्याना कल्ला नसंल रं. तुना त ठाव व्हता ना, हाय म्हंजे काय ता?”

भावेशने खाली टाकलेली वायर उचलून पुन्हा गुंडाळायला घेतली. एवढा उंचपुरा, दोन-दोन स्पीकर एका वेळी उचलणारा गडी, पण मान वर करायची ताकद त्याच्यात उरली नाही.

मग राहीबाईने ते व्हिडिओ बघायला मागितले. मृणाली नको नको म्हणत होती. राहीबाईने ऐकलं नाही. एक बघितला, दुसरा बघितला. एकात कोणी लहान मुलगा तिच्या आवाजाची नक्कल करून ‘हाय’ म्हणत होता आणि त्याची आई मागून हसत होती. तो तिने दोनदा बघितला. फोन परत दिला, मला खिळ्याला टांगलं आणि चप्पल घालून घरी गेली. जाताना एवढंच म्हणाली की तुमचा तुम्ही बोला.

तो शब्द मग मृणालीनेच म्हटला. आवाजवाल्यांनी सांगितलं होतं की गाण्यांशी मेळ बसायला हवा तर माईक तोच हवा, गाद्या त्याच हव्यात. तिने आवाज खोल केला, म्हातारा केला आणि माझ्यापुढे ‘आहे’ म्हणाली. पुन्हा म्हणाली. पुन्हा म्हणाली. प्रत्येक वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि प्रत्येक वेळी शब्द मात्र कोरडाच निघत होता. मी नाही म्हणू शकलो असतो तर म्हटलं असतं. माझी वायर तुटली असती तरी बरं झालं असतं. पण माईकला रुसता येत नाही. मी तो ‘आहे’ घेतला आणि निमूटपणे पुढे पाठवला. आता त्या गेममध्ये सहा बांधांवर म्हातारी राहीबाईच्या गळ्याने गाते आणि सातव्यावर परक्या गळ्याने बोलते. नामावळीत नाव अजून राहीबाईचंच आहे.

नव्या आवृत्तीवरही मतं आली. ‘शेवट आता ठीक आहे.’ ‘बरं झालं दुरुस्त केलं.’ एकाने लिहिलं, ‘आधीची आजी परत आणा, हसायला मजा यायची.’ तारे पुन्हा वाढले. गाणं आणि शब्द दोन वेगळ्या माणसांचे आहेत, असं कोणी लिहिलं नाही. कोणाला कळलंच नसावं. मृणालीने ठाण्याला खोली घेतली आणि तिचं रविवारचं येणं बंद झालं.

आता शेवटचं सांगतो. या लग्नसराईत कोनला करिष्मा नावाच्या मुलीची हळद होती. तिच्या आजीने हट्ट धरला की धवलारीण हवीच, गाणी वाजवायची ती नंतर वाजवा. भावेश स्वतः राहीबाईकडे गेला, तिला घेऊन आला आणि त्याने न सांगता मला पिशवीत घालून बरोबर घेतलं. पिशवीतले स्क्रू त्याने काढून टाकले होते. पण त्याच्या या शहाणपणाला जरा उशीर झाला होता.

राहीबाई पाटाजवळ बसली, मला हातात धरलं, गायली. गळा तसाच होता. बायका सरसावून बसल्या, जुन्या बायकांनी डोळे पुसले. मला वाटलं, सगळं पूर्ववत झालं. एक धवला संपला आणि दुसरा सुरू व्हायचा होता. करिष्मा हळदीने माखलेली, तहानलेली. तिने राहीबाईकडे बघून विचारलं, “आत्या, पानी हाय का गो?”

राहीबाईने तांब्या पुढे केला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. तोंडात आलेला शब्द गिळताना गळ्यात जो आवाज होतो, तो दुसऱ्या कोणाला ऐकू गेला नसेल, मी तिच्या ओठांपाशी होतो.

“आहे,” ती म्हणाली.

मी चालू होतो. मांडवातल्या सगळ्या कर्ण्यांमधून ते ‘आहे’ बाहेर पडलं आणि कोणी मानही वळवली नाही. करिष्मा तेवढी पाणी पिता पिता हसली आणि म्हणाली, काय गो आत्या, बँकेतल्या बाईसारी काय बोलतंस?

राहीबाईने मला बाजूला धरलं, खोकताना धरायची तसं, आणि हळूच म्हणाली, “हासतान गो लोक.”

भावेश मांडवाच्या कडेला अ‍ॅम्प्लिफायरपाशी उभा होता. बाजूला धरलं तरी मी कानच आहे, माझ्याकडून ते त्याच्यापर्यंत पोचलं. त्याने आवाजाची कळ शून्यावर आणली आणि पाठ फिरवून उभा राहिला. दुसरा धवला राहीबाईने माझ्यावाचूनच म्हटला.

मित्रांनो, मला कोरड्या जागी ठेवा, माझी वायर पिळू नका, माझ्यावर फुंकू नका, असं काहीतरी सांगून मी आता निरोप घ्यायला हवा. पण माझं काय, माझी पिन सैल झाली तर कोणीही बसवून देईल. तुम्ही गेम खेळा, तारे द्या, आवडलं नाही तर तसं ठणकावून लिहा. होडी निळी का म्हणून भांडा. फक्त एखादं माणूस काय बोललं ते कळलं नाही, तर हसायच्या आधी विचारा. ज्याला कळत नाही, त्याच्यावर माझा राग नाही, त्याला सांगता येतं. ज्याला कळत होतं आणि तरी तो चारचौघांत हसला, त्याला राहीबाईने एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर अजून तिला मिळालेलं नाही.